अगुस्तोला काम देऊ नका

नागमणी येमूल हिचं ठाम मत होतं, की सरकारी कागदाला माणसं उगीच घाबरतात. कागद म्हणजे शेवटी काय, तर वाक्यं. आणि वाक्यांना घाबरायचं तिला काही कारण नव्हतं. चौदा वर्षं तिनं कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवलं होतं. अकरावीच्या उत्तरपत्रिकांतून अर्थ काढलेल्या बाईला व्हिसाची मुदत वाढवून मागणारा अर्ज म्हणजे चहा निवायच्या आत उरकायची गोष्ट. तिनं तो एका बैठकीत भरला, मुदत संपायच्या बारा दिवस आधी. पोचपावती छापून घेतली, फाईलला लावली, आणि फाईल कपाटात अशी ठेवली, जशी लोक बक्षिसाची ढाल ठेवतात.

व्हिसा तिचा नव्हता. अगुस्तोचा होता.

अगुस्तो म्हणजे पोर्तुगालहून आलेला एकसष्ट वर्षांचा यंत्रमाग कारागीर. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत नागमणीच्या वडिलांचा टॉवेलचा कारखाना. त्यांच्या तेलुगू घरात वडिलांना नान्ना म्हणत. नान्नांनी आयुष्याच्या शेवटी हट्टानं दोन नवे परदेशी माग आणले, आणि ते नीट चालू लागेपर्यंत राहायला अगुस्तोला आणलं. पाया घालण्यात आणि वीज ओढण्यात सहा महिने गेले. मग माग सुरू झाले. नान्नांनी त्यांचा आवाज एकोणीस दिवस ऐकला आणि विसाव्या दिवशी ते गेले.

त्याला आता चार महिने झाले होते. नागमणीनं कॉलेजातून बिनपगारी रजा घेतली होती. नान्नांचा फोन ती रोज चार्ज करून त्यांच्या टेबलावर ठेवायची, जुनी गिऱ्हाइकं त्याच नंबरवर फोन करतात म्हणून. असं ती सांगायची.

नान्नांनी घेतलेली शेवटची ऑर्डर एका हॉटेलवाल्यांची होती. चार हजार टॉवेल, अठ्ठावीस तारखेला रवाना. माल पसंत पडला तर वर्षभराचं काम, नाही तर नवे माग झाकून ठेवायचे. आणि ते टॉवेल विणायचे तर अगुस्तो हवा. टॉवेलाच्या अंगावर जे बारीक फासे असतात, पाणी पिणारे, ते त्या मागांवर एकसारखे उठवणं फक्त त्याला जमे. फिटर गौस त्याच्या हाताखाली शिकत होता, पण माग अजून गौसला सावत्र मुलासारखे वागवत होते.

तर शुक्रवारी अगुस्तोच्या व्हिसाची तारीख संपली. नागमणीनं संगणक उघडला. अर्जाची स्थिती: प्रलंबित. अपेक्षितच होतं. ती उठून मागांच्या शेडमध्ये गेली, तर शेडमध्ये शांतता. दोन्ही नवे माग बंद, आणि मुख्य बटणाला पाठ लावून तिचे काका, मल्लेशम बाबाय, देवळाच्या दाराशी राखण बसावी तसे उभे.

"बाबाय, वीज गेली?"

"वीज हाय. तारीख गेली."

"अहो, अर्ज वेळेत दिलाय की आपण. उत्तर येईपर्यंत जुन्याच अटी लागू. याच कंपनीत, याच कामावर चालू ठेवायचं. पुण्याच्या सल्लागारांनीसुद्धा हेच सांगितलंय."

"फोनवर सांगितलंय. फोनवर माणूस कायबी सांगतंय." बाबायनी बटणाला आणखी घट्ट पाठ लावली. "अम्मा नागू, मी पन्नास वर्षं मागावर हाय. सुताची एक तार तुटली की माग थांबवायचा. गाठ मारायची, मग चालवायचा. तुटल्या तारेवर चालवलं, की सगळं कापड वाया. त्या अगुस्तोची तार तुटली आज. वरून गाठ मारून येऊ दे."

गौस मागच्या बाजूला स्पॅनर पुसत होता. तो म्हणाला, "तार कां तुटी बाबाय? ये तो बीम बदलने का काम है. जुन्या बीमवरचं सूत संपत आलं की नव्याची टोकं त्याला सांधतो का नाही आपण? कापड कुटं थांबतंय?"

"तू गप. तुला सांधायला सांगितलं की तू चहाला जातोस."

नागमणीनं पोचपावती आणली, वाचून दाखवली, बोट ठेवून समजावलं. बाबायनी सगळं ऐकलं, मान हलवली, आणि मग ते एक वाक्य बोलले, ज्याच्यापुढं तिची चौदा वर्षांची नोकरी आणि घरातली तीन कपाटं पुस्तकं एका क्षणात निकामी झाली.

"अण्णा असता, तर त्यानं जोखीम घेतली नसती."

खरं म्हणजे नान्नांनी आयुष्यभर जोखमीशिवाय काही घेतलंच नव्हतं. ते दोन माग ही तर जोखमीची जाहिरात होती. पण नागमणीनं पोचपावतीची घडी घातली. ती म्हणाली, "बरं. सल्लागारांकडून लेखी मागवते. तोवर थांबू."

एका दिवसाचा प्रश्न होता. लेखी यायला आठ लागले.

या आठ दिवसांत बाबायनी जी खबरदारी घेतली, ती घेतली नसती तर ही गोष्ट इथंच संपली असती. नुसते माग बंद ठेवून त्यांचं समाधान होईना. अगुस्तोनं शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही. स्पॅनरला हात लावायचा नाही. गौसला लांबून खुणासुद्धा करायच्या नाहीत, कारण खुणा करणं हेही कामच. ऑफिसच्या माडीवर त्याची खोली होती, तिथं त्यानं बसायचं. जेवण वर येईल.

अगुस्तो चौदाव्या वर्षापासून कधी बसलेला नव्हता. तो गौसकडून हिंदी शिकला होता, म्हणजे सोलापूरची दखनी, आणि ती पोर्तुगीज नाकातून बोलायचा. दुसऱ्या दिवशी तो जिन्यावर येऊन म्हणाला, "बाबाय, मेरेकू काम देव."

"नक्को. तुम पाव्हणे. बैठो."

"बैठ बैठ के मैं बुड्ढा हो रा."

"होऊ दे. कायदेशीर बुड्ढा हो."

तिसऱ्या दिवशी बाबायना वाटलं, माग नुसते उघडे पडलेत, घरात लक्ष्मी उपाशी बसल्यासारखं दिसतंय. त्यांनी दोन्ही मागांवर कोऱ्या चादरी घातल्या, हळद-कुंकू वाहिलं, वर झेंडूचे हार घातले आणि सकाळ-संध्याकाळ उदबत्ती सुरू केली. पाचव्या दिवशी बाहेर चुकून एक पोलीस गाडी वळली, तर त्यांनी अगुस्तोला खिडकीतून आत ओढला आणि त्याच्या खोलीला बाहेरून कडी घातली. तीन तासांनी कडी काढायला गेले, तर खोली रिकामी. मागच्या जिन्याचं दार उघडं. अगुस्तो तासाभरानं परत आला. कुठं गेला होतास विचारलं तर म्हणाला, "हवा खाया." त्याच्या बाहीवर पीठ होतं, पण ते कुणी पाहिलं नाही.

आठव्या दिवशी, दुपारी पावणेतीन वाजता, नान्नांच्या टेबलावर नान्नांचा फोन वाजला.

नागमणी आतल्या खोलीत होती. ती येईपर्यंत बाबायनी फोन उचलला होता.

"हां, येमूल टेक्स्टाईल. अण्णा न्हाईत, मी त्यांचा भाऊ. कोण? पोलीस आयुक्तालय?" बाबाय खुर्चीतून आपोआप उभे राहिले. "अगुस्तो? व्हय, हायेत की. कामाला? न्हाय न्हाय न्हाय. साहेब, आमी त्यांना कामाला हातसुद्धा लावू देत न्हाई. शप्पथ. पाव्हणे म्हणून हायेत. आठ दिवस नुसते बसून हायेत. या की. तीनला या. चहाला या."

त्यांनी फोन ठेवला तेव्हा त्यांच्या तोंडावर परीक्षेत पहिल्या आलेल्या पोराचं तेज होतं.

"झालं काम," ते म्हणाले. "असं पटवलंय, की परत विचारणार न्हाईत."

नागमणी खुर्चीवर बसली. शेजारच्याच. नान्नांच्या खुर्चीवर ती अजून बसत नसे.

"बाबाय, आपण अर्जात काय लिहिलंय माहितेय? अगुस्तो इथं काम करतो, आणि त्याच्यावाचून माग चालत नाहीत, म्हणून मुदत वाढवून द्या."

"मग?"

"पोलीस तेच तपासायला येतायत. तो खरंच काम करतो का. आणि तुम्ही सांगितलंत, करत नाही."

बाबायनी थोडा वेळ विचार केला. त्यांच्या चेहऱ्यावरचं तेज वीज गेल्यावर पंखा थांबतो तसं, हळूहळू, फिरत फिरत गेलं.

"म्हंजे अर्ज खोटा ठरतोय?"

"अर्ज खोटा, मी खोटी, आणि अगुस्तो घरी."

"आणि अठ्ठावीस तारीख?"

 त्याच वेळी संगणकावर सल्लागारांचं पत्र येऊन पडलं. लेखी. त्यात एकच ओळ ठळक होती: आहे त्याच कंपनीत आहे तेच काम चालू ठेवावे, दुसरीकडे कोणतेही काम करू नये.

"गौस!" असा आवाज तिनं आयुष्यात पहिल्यांदा काढला. "चादरी काढ. माग सुरू करायची तयारी कर. बाबाय, अगुस्तोला खाली आणा."

बाबाय वर गेले आणि रिकाम्या हातांनी खाली आले. "हवा खाया गेला वाटतंय."

आता ही हवा कुठं मिळते, ते सगळ्यांना एकदमच कळलं, कारण भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज आला. भिंतीपलीकडं अक्कम्माची शेड होती. अक्कम्मा नऊ बायका हाताशी धरून ज्वारीच्या कडक भाकऱ्या करायची. सोलापुरात अशा भाकऱ्या महिना महिना टिकतात आणि पाकिटांतून पार अमेरिकेला जातात. नागमणी चपला न घालताच धावली.

ती पोचली तेव्हा उशीर झाला होता. कारण पत्ता शोधत आलेले हवालदार धोंडप्पा, भाकरीच्या वासामुळं असो किंवा फाटक उघडं होतं म्हणून असो, आधी अक्कम्माकडंच शिरले होते. हातात फाईल, फाईलमध्ये फोटो. आणि समोर पाटावर, कमरेला फडकं बांधून, कोपरापर्यंत पीठ माखलेला, फोटोतला माणूस.

"नमस्कार," अगुस्तो त्यांना म्हणत होता. "बैठो. खाव."

हवालदारांनी फोटो पाहिला, माणूस पाहिला, परत फोटो पाहिला. "हे इथं काय करतायत?"

अक्कम्मा अभिमानानं पुढं आली. "आमचे अगुस्तोभाऊ. चार दिवस झाले, आमच्याकडं भाकऱ्या थापतायत की. फॉरेनचा माणूस, पण लाज म्हणून न्हाई."

हवालदारांनी पेन काढलं.

दारातून नागमणीनं अक्कम्माकडं असं पाहिलं, की अक्कम्माचं पुढचं वाक्य घशातच थबकलं. एवढं ती ओळखून होती, की ही मास्तरीण उगाच अशी बघत नाही.

"थापतायत म्हंजे," अक्कम्मानं सांभाळून घेतलं, "थापायला बघतायत. जमत कुटं हाय?"

"बाई, माणूस दुसरीकडं कामाला होता असं मी लिहिलं, तर ह्यांची गठडी वळली जाईल. बरोबर सांगा. काम करतो का नाही?"

"काम?" अक्कम्मा आता खरोखरच दुखावली. तिनं कोपऱ्यातली टोपली ओढून आणली आणि हवालदारांच्या पुढं ठेवली. "हे बघा चार दिवसांचं काम. ह्यातली एक भाकरी गोल दाखवा, मी तुमाला माझं दुकान लिहून देते. म्हशीला घातल्या तर म्हैस वास घेऊन परत जाते. ह्याला काम म्हणलं, तर माझ्या नऊ बायका उद्या येणार न्हाईत."

हवालदारांनी एक भाकरी उचलून उजेडात धरली. तिला पाच कोपरे होते आणि मधे एक भोक. त्यांनी ती दोन्ही बाजूंनी बघितली, बोटानं वाजवली, परत ठेवली.

"हे काम म्हणता येणार नाही," ते म्हणाले.

अगुस्तोला एवढी मराठी कळत असल्यामुळं त्याचं तोंड उतरलं.

"मग हे करतात काय?" हवालदार नागमणीकडं वळले. "मघाशी फोनवर एक जण म्हणाले, ते नुसते बसून आहेत. इथं बघतो तर भाकऱ्या. अर्जात माग. मॅडम, मी यातलं कुठलं लिहू?"

"चला," नागमणी म्हणाली. "दाखवते."

शेडमध्ये गौसनं एका मागाची चादर काढली होती. दुसऱ्यावर अजून हार, कुंकू, उदबत्तीचा धूर. हवालदार दारातच थांबले आणि त्यांनी बूट काढले. कुणी त्यांना सांगायच्या आत त्यांनी हातही जोडले.

"कुठला देव?" त्यांनी हळूच विचारलं.

"टॉवेलचा," गौस म्हणाला.

अगुस्तो मात्र कुणाकडं बघत नव्हता. त्यानं नळावर हात धुतले, फडकं सोडलं आणि माग आठ दिवसांनी बघितला. त्याच्या फण्यांवरून, तारांवरून बोट फिरवत तो पुटपुटत राहिला, पोर्तुगीजमधून. शिव्या होत्या की विचारपूस, कळायला मार्ग नव्हता. मग त्यानं बटण दाबलं.

माग चालू झाला. त्या आवाजानं पत्रे थरथरले. नागमणीनं भिंतीला हात टेकला. चार फूट रुंदीचं पांढरं कापड इंचाइंचानं पुढं सरकू लागलं, फासे उठलेलं, उबदार दिसणारं. हवालदार पुढं झुकले, आणि खट्. माग थांबला.

आठ दिवसांची धूळ. एक तार तुटली होती.

बाबायचा चेहरा पडला. इतक्या वर्षांत त्यांचं म्हणणं इतकं खरं ठरलं नव्हतं, आणि ते खरं ठरू नये असं त्यांना इतकं कधी वाटलं नव्हतं. नागमणीनं हवालदारांच्या पेनाकडं पाहिलं. अगुस्तोनं तेवढ्यात वाकून दोन टोकं शोधली, दोन बोटांत फिरवली, गाठ मारली आणि बटण दाबलं. एवढ्या वेळात माणसाला शिंकसुद्धा पुरी येत नाही. माग चालू लागला. या वेळी तो थांबला नाही.

हवालदार दहा मिनिटं बघत उभे राहिले. मग त्यांनी मागाचा फोटो काढला, एक टॉवेल चाचपला, आणि बाबायना म्हणाले, "फोनवर तुम्हीच होता ना?"

"व्हय," बाबाय म्हणाले.

"माणसं लपवणारे मी तीस वर्षं बघतोय. पण गुन्हा नसताना माणूस लपवणारे तुम्ही पहिलेच. अहो आजोबा, त्यांनी अर्ज वेळेत दिलाय. उत्तर येईपर्यंत काल करत होते तेच उद्या करायचं. हेच काम, हीच शेड. नुसतं बसवून ठेवलं, तर मी वर काय कळवू? हा माणूस कशासाठी पाहिजे म्हणू?"

"मला वाटलं, तार..."

"कुठली तार?"

"काय न्हाई," बाबाय म्हणाले.

ऑफिसात बसून हवालदारांनी अहवाल लिहायला घेतला. अक्कम्मानं भिंतीवरून गोल भाकऱ्या आणि शेंगाचटणी पाठवली होती. खाता खाता ते प्रश्न विचारत होते. कामगाराचं नाव, कंपनीचं नाव, कामाचं स्वरूप.

"मालकाचं नाव?"

"नरसय्या," नागमणीच्या तोंडून आलं. चाळीस वर्षांची सवय. हवालदार लिहायला लागले.

"थांबा," ती म्हणाली.  बाहेर माग चालला होता. "नागमणी. नागमणी नरसय्या येमूल."

"मग वडलांचं नाव खोडू का?"

"खोडू नका. त्याच्या आधी माझं लिहा. जागा आहे."

जागा होती. त्यांनी लिहिलं, फाईल फिरवली, आणि खाली सहीसाठी बोट ठेवलं. तिला वाकून सही करता येईना, म्हणून बाबायनी नान्नांची खुर्ची मागून पुढं सरकवली. ती बसली. सही केली.

त्यानंतरचे दिवस दोन पाळ्यांत गेले. गौसनं चहा सोडला, निदान कामाच्या वेळेत. अठ्ठावीस तारखेला संध्याकाळी टेम्पो भरला, आणि हॉटेलवाल्यांचा आठवड्यानं निरोप आला, की माल छान, पुढची यादी पाठवतो.

अर्जाचं उत्तर मात्र येत नव्हतं. बाबायनी आता एक नवीन शिस्त लावून घेतली. रोज सकाळी आठला ते मागाच्या बटणावर बोट ठेवून उभे राहायचे आणि तिथूनच ओरडायचे, "अम्मा नागू, काय म्हणतंय?"

नागमणी संगणकात बघून सांगायची, "प्रलंबित."

"झकास," बाबाय म्हणायचे आणि बटण दाबायचे.

अगुस्तो त्यांच्याशेजारी हात बांधून उभा असायचा. "प्रलंबित" हा त्याला सर्वांत आवडलेला मराठी शब्द. त्याला वाटे, त्याचा अर्थ "चला, कामाला लागा" असाच असावा. नागमणी शिक्षिका होती, तरी तिनं तो सुधारला नाही.

असे छत्तीस दिवस गेले. सदतिसाव्या दिवशी सकाळी आठला शेडमधून हाक आली, "काय म्हणतंय?"

नागमणीनं पडद्यावरचा शब्द दोनदा वाचला. मग उठून दारात आली.

"मंजूर," ती म्हणाली. "एक वर्ष."

गौसनं शिट्टी मारली. अगुस्तोनं बाबायना मिठी मारली. बाबाय मिठीतच उभे राहिले, डोळे भरलेले, बोट अजून बटणावर. मग अगुस्तोच्या खांद्यावरून त्यांनी पुतणीकडं पाहिलं आणि काळजीनं विचारलं,

"म्हंजे आता बंद ठेवायचं?"